ध्रुवीय प्रकाशाची वाट पाहताना

नॉर्वेच्या उत्तर भागातील ट्रॉम्सो या शहरात हिवाळ्याच्या दिवसांत रोज सायंकाळी एक मोठा चमत्कारिक व्यवहार चालतो. सहाच्या सुमारास लहानमोठ्या बसगाड्या येऊन उभ्या राहतात आणि नाना देशांतून आलेली माणसे त्यांत चढून बसतात. त्यांनी आगाऊ पैसे भरलेले असतात, आणि ती रक्कम थोडीथोडकी नसते. ज्या गोष्टीसाठी ती भरली ती गोष्ट मिळेलच, असे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. उलट, सफरीच्या अटींमध्ये बहुधा एक कलम असते. त्याचा आशय असा की, ध्रुवीय प्रकाश ही निसर्गाधीन घटना आहे. तो दिसेलच अशी हमी देता येत नाही, आणि न दिसल्यास पैसे परत मिळण्याची अपेक्षा धरू नये. मंडईत पावशेर मिरच्या घेताना तराजूच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा गृहस्थही हे कलम मुकाट्याने मान्य करतो, आणि हजारो कोसांचा प्रवास करून त्या बसमध्ये जाऊन बसतो.

वरवर पाहता हा आंधळा सौदा वाटेल. परंतु थोडा विचार केला तर असे दिसते की, रंगीबेरंगी जाहिरातींच्या त्या सगळ्या गर्दीत हे एकच वाक्य पूर्णपणे खरे आहे. ते का खरे आहे, आणि ते खरे असूनही माणसे का जातात, हे समजून घेण्यातच या यात्रेचे मर्म आहे.

ट्रॉम्सो हे शहर सुमारे साडेएकोणसत्तर अंश उत्तर अक्षांशावर, ध्रुववृत्ताच्याही बरेच उत्तरेस, एका बेटावर वसलेले आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोनचार तास आकाशात निळसर संधिप्रकाश पसरतो, आणि पुन्हा रात्र होते. मराठी वाचकांपैकी कित्येकांना ध्रुवप्रदेशातील या दीर्घ रात्रींची आणि दीर्घ उषःकालाची पहिली ओळख लोकमान्य टिळकांमुळे झाली. वेदांतील उषेच्या वर्णनांत ध्रुवप्रदेशातील लांबलेल्या पहाटेची स्मृती आहे, असा तर्क त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला होता. तो तर्क विद्वानांनी स्वीकारला नाही, हे खरे. पण पुण्याच्या वाड्यात बसून ध्रुवाकडील पहाटेचा विचार करण्याची परंपरा तशी जुनीच म्हटली पाहिजे.

ध्रुवीय प्रकाश पाहावयाचा तर थेट ध्रुवावरच जावे, असे कोणासही वाटेल. तसे नाही. हा प्रकाश पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एखाद्या कंकणासारखा वलयाकार पसरलेला असतो, आणि ट्रॉम्सो नेमके त्या कंकणाखाली येते. त्यामुळे सूर्य शांत असतानाही तेथील निरभ्र रात्री प्रकाश दिसण्याचा संभव चांगला असतो. शिवाय अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उष्ण प्रवाहामुळे तेथील थंडी त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असते. मात्र ज्या समुद्राने ऊब दिली, तोच समुद्र ढगही देतो. प्रकाश शंभर किलोमीटर उंचीवर नाचत असतो, आणि दीडदोन किलोमीटर उंचीवरचा एक क्षुद्र ढग त्यावर पडदा टाकतो. हमी न देण्याचे पहिले कारण हे असे घरगुती आहे.

दुसरे कारण पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा एक झोत अखंड वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला बहुतांशी बाजूस सारते, पण त्या झोतामुळे ते स्वतः रात्रीच्या बाजूस लांबलचक शेपटासारखे ताणले जाते. या ताणलेल्या क्षेत्रात ऊर्जा साठते, आणि ती मोकळी झाली म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने चुंबकीय रेषांच्या अनुरोधाने वातावरणात शिरतात. तेथे ते ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्या अणुरेणूंवर आदळतात आणि ते अणुरेणू उजळतात. दुकानावरील निऑनच्या पाटीत नळीतला वायू उजळतो, तसाच हा प्रकार. मात्र येथे नळी नाही आणि दुकानदारही नाही. सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन तांबडा दिसतो, आणि पडद्याच्या खालच्या काठावर कधी कधी उमटणारी गुलाबी किनार नायट्रोजनची असते.

हे ज्ञान माणसास सुखासुखी मिळालेले नाही. तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नॉर्वेत लिहिल्या गेलेल्या ‘राजाचा आरसा’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात या प्रकाशाविषयी तीन तर्क दिलेले आहेत. पृथ्वीभोवतीच्या महासागराला वेढणारा अग्नी, क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचे किरण, किंवा हिमनद्यांनी साठवून ठेवलेले तेज, यांपैकी काहीतरी असावे, असे तो ग्रंथकार म्हणतो. साधनांच्या अभावी त्याने केलेली ही तर्कशुद्ध धडपड पाहून आजही कौतुक वाटते. खऱ्या कारणाचा माग क्रिस्टियान बिर्केलंड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने लावला. त्याने निर्वात पेटीत एक चुंबकित गोळा टांगला, त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, आणि त्या चिमुकल्या पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कंकणे उमटलेली दाखविली.

परंतु प्रयोगशाळेतील पृथ्वीवर त्याचे समाधान होणारे नव्हते. अल्टाजवळच्या हाल्दे पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, १८९९ साली त्याने वेधशाळा उभारली आणि सहकाऱ्यांसह तेथे हिवाळा काढला. त्या मुक्कामात त्याचा एक तरुण सहकारी हिमलोटाखाली सापडून मरण पावला. त्यापूर्वीच्या एका मोहिमेत ब्यॉर्न हेलंड-हान्सेन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याची बोटे हिमदंशाने गेली. शस्त्रवैद्य होण्याची वाट बंद झाली तेव्हा तो समुद्रविज्ञानाकडे वळला आणि त्या शास्त्रात त्याने मोठे नाव मिळविले. पुढे कार्ल स्टोर्मर याने दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठाण्यांवरून एकाच क्षणी प्रकाशाची छायाचित्रे घेतली, आणि मागच्या ताऱ्यांच्या आधाराने त्याची उंची मोजून काढली. बिर्केलंड १९१७ साली टोकियोत वारला. चुंबकीय रेषांवरून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांची त्याची कल्पना अनेकांनी दीर्घकाळ संशयाने पाहिली. १९६० नंतर उपग्रहांनी प्रत्यक्ष मापने केली, तेव्हाच ती सर्वमान्य झाली. आज बसमध्ये बसणारा प्रवासी तिकिटाचे मोल मोजतो. त्या प्रकाशाचे खरे मोल दुसऱ्या कोणी आधीच देऊन ठेवलेले आहे.

आता त्या बसकडे वळावे. मुंबई-पुण्याहूनही आता अनेक प्रवासी मंडळ्या या सफरीसाठी उत्तरेस जातात. अशा एखाद्या गटात साठी उलटलेले एक दांपत्य आहे, अशी कल्पना केली तर ती वस्तुस्थितीला सोडून होणार नाही. मुले मार्गी लागली, गृहस्थ निवृत्त झाले, आणि इतकी वर्षे ‘पुढे बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली एक इच्छा त्यांनी पुरी करावयाची ठरविली. चार रात्रींचा मुक्काम, त्यांपैकी सफरीची रात्र एकच. वयाचा आणि खर्चाचा विचार करता पुन्हा येणे होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण ते कोणी उच्चारीत नाही.

गाडी निघण्यापूर्वी वाटाड्या सर्वांना जाड आवरणाचे अंगभर पोशाख आणि लोकरी अस्तराचे बूट देतो. ते चढविल्यावर प्रत्येकजण सारखाच गोलमटोल दिसू लागतो, आणि त्यामुळे परक्या माणसांतील संकोच निम्मा नाहीसा होतो. मग वाटाड्या त्या रात्रीची स्थिती सांगतो. चुंबकीय खळबळ मोजण्याचा शून्य ते नऊ असा एक अंक असतो, आणि प्रवासी घरूनच तो अंक पाठ करून आलेले असतात. वाटाड्या मात्र त्याला फारसे महत्त्व देत नाही. त्याचे सारे लक्ष ढगांच्या नकाशावर असते. तो स्पष्ट सांगतो की, किनाऱ्यावर आज काही दिसणार नाही. शंभराहून अधिक किलोमीटर आत, स्कीबोट्नच्या खोऱ्याकडे जावे लागेल. तेथे डोंगरांच्या आडोशाने हवा कोरडी असते. तरीही खात्री नाही.

‘तरीही खात्री नाही’ हे शब्द उच्चारणे सोपे नसते. समोर बसलेल्या माणसांनी वर्षभर पैसा साठविलेला असतो, आणि त्यांना आशेचे दोन शब्द हवे असतात. ते फुकट देता येतात, म्हणूनच ते देण्याचा मोह मोठा असतो. चांगला वाटाड्या हा मोह आवरतो. आकाशावर त्याची सत्ता नाही. सत्ता आहे ती रस्त्याच्या निवडीवर आणि स्वतःच्या जिभेवर. बर्फाने गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर, मध्येच रेनडियरांचा कळप आडवा येईल हे ध्यानात ठेवून, तो दोन अडीच तास गाडी हाकतो, आणि वळणावळणावर काचेतून वर पाहतो.

खोऱ्यात उणे वीस अंशांची थंडी असते. दिवे विझविले जातात, लाकडे रचून शेकोटी पेटते, कपांतून गरम चॉकलेट फिरते. डोळे अंधाराला सरावण्यास वीस मिनिटे तरी लागतात, म्हणून कोणी खिशातला फोन उघडला की वाटाड्या नम्रपणे तो मिटावयास सांगतो. आकाश निरभ्र आहे, तारे असंख्य आहेत. पण प्रकाश नाही. एक तास जातो. पाय बधिर होऊ लागतात. कोणी म्हणतो, उद्या येणाऱ्यांना दिसेल. कोणी म्हणतो, काल आलेल्यांना दिसला होता. माणसाच्या असमाधानाला काल आणि उद्या हे दोन आधार सर्वत्र सारखेच असतात.

वेळ काढण्यासाठी वाटाड्या गोष्टी सांगतो. या प्रदेशातील मूळचे रहिवासी जे सामी लोक, त्यांच्यातील वडीलधारी माणसे मुलांना बजावीत की, या प्रकाशाखाली शीळ घालू नये, त्याची थट्टा करू नये. फिन्लंडमध्ये त्याला ‘कोल्ह्याचा अग्नी’ म्हणतात. गोष्टी संपल्यावर तो हात वर करून तारे दाखवू लागतो, आणि जवळजवळ डोक्यावर आलेल्या एका मध्यम तेजाच्या ताऱ्याशी थांबतो. तो ध्रुव असतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. घरांच्या ओळीत आणि धुरकट हवेत तो शोधूनही सापडत नाही. येथे तो सत्तर अंशांवर, मान मागे टाकून पाहावा लागतो.

“आपल्या लग्नात गुरुजींनी दाखवला होता ना?” बाई विचारतात.

“दाखवला होता; मांडवाच्या छताकडे बोट करून,” गृहस्थ म्हणतात. “मी ‘दिसला’ म्हणालो.”

“मीही म्हणाले.”

विवाहविधीत वधूवरांना ध्रुवदर्शन करवितात, ते स्थैर्याची साक्ष म्हणून. ती साक्ष प्रत्यक्षात न पाहताच चाळीस वर्षांचा संसार झालेला असतो. ती पाहण्यासाठी कोणी येथे आलेले नसते, आणि सफरीच्या जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो. तरी ती मिळते, आणि तीही केवळ वाट पाहावी लागली म्हणून.

अकराच्या सुमारास उत्तरेकडील डोंगरावर एक फिकट पट्टा दिसू लागतो. “अहो, हा तर ढगच दिसतो,” असे बाई म्हणतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. मंद प्रकाशात मानवी डोळ्यास रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे दुबळा ध्रुवीय प्रकाश करडा, दुधाळ दिसतो. कॅमेरा मात्र काही सेकंद उघडा राहून तेज साठवीत असतो, म्हणून त्याच पट्ट्याचे चित्र गर्द हिरवे येते. जाहिरातींतील छायाचित्रे खोटी नसतात, पण ती डोळ्याची साक्षही नसते. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येकांची निराशा होते. चांगला वाटाड्या ते बसमध्येच सांगून ठेवतो. आणि मग करड्या पट्ट्याकडे पाहणारा प्रवासी फसवणुकीच्या भावनेने पाहत नाही, लक्ष देऊन पाहतो.

मग केव्हातरी तो पट्टा खालच्या बाजूने उजळतो. त्याला चुण्या पडतात, चुण्यांचा पडदा होतो, पडदा वाऱ्यावर हलावा तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. आणि आता तो साध्या डोळ्यांना स्वच्छ हिरवा दिसतो. क्षणभर खालच्या काठावर गुलाबी किनार धावते. बर्फावर मंद उजेड पडतो. एवढे सगळे घडत असताना कसलाही आवाज होत नाही, याचेच नवे येणाऱ्यांना सर्वांत अधिक आश्चर्य वाटते. आपल्याकडे आकाशात जे काही उजळते ते गडगडते तरी, नाहीतर फुटते तरी. हा सोहळा दहा मिनिटे चालतो, कधी त्याहून कमी. मग पडदा विरतो आणि पुन्हा करडी आभा उरते. गृहस्थांच्या फोनची बॅटरी थंडीने मान टाकते ती याच सुमारास, आणि त्यांना त्याचे विशेष वाईट वाटत नाही.

पण हीच रात्र ढगांत गेली असती तर? तशा रात्रीही पुष्कळ असतात, आणि त्या रात्रींचे प्रवासी छायाचित्रांविना घरी परततात. विज्ञानाने या अनिश्चिततेवर बराच पहारा बसविला आहे. पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेस, भारताचे ‘आदित्य एल-१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी नियत स्थानी पोचले. त्या परिसरात अमेरिकेची यानेही सौरवाताची नोंद घेत असतात. परंतु तेथून पुढे तो वारा सुमारे तासाभरात, आणि वादळी असेल तर त्याहूनही लवकर, पृथ्वीवर येऊन थडकतो. म्हणजे भरवशाची पूर्वसूचना मिळते ती एवढ्याच अवधीची. सहा महिने आधी तिकीट काढणाऱ्यास विज्ञान ऋतू सांगू शकते, रात्र सांगू शकत नाही.

उलट, ज्यांनी तिकीट काढले नाही त्यांनाही हा प्रकाश कधी कधी दर्शन देऊन जातो. १० मे २०२४ च्या रात्री, २००३ नंतरचे सर्वांत प्रबळ चुंबकीय वादळ पृथ्वीवर आले, तेव्हा युरोपातील लोकांनी आपल्या घरच्या अंगणातून आकाश रंगलेले पाहिले. आणि लडाखमधील हान्ले येथील भारतीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही क्षितिजाजवळ तांबडी आभा टिपली. हान्लेच्या त्या पठारावर कोणतीही सहल गेलेली नव्हती. जो प्रकाश ट्रॉम्सोला पैसे भरून येणाऱ्यास नाकारला जातो, तोच हान्लेस न मागता उभा राहतो. त्याला ना ग्राहक ठाऊक, ना अक्षांश.

तेव्हा या सफरीत मिळते ते काय? एक गाडी, एक उबदार पोशाख, एक शेकोटी, आणि प्रदेशाची नाडी जाणणारा एक खरे बोलणारा माणूस. याहून अधिक काही विकण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्यास हे कलम नीट समजले, तो ढगाळ रात्रीही रिकाम्या हाताने परतत नाही. त्याला अंधार मिळतो, शांतता मिळते, क्वचित ढगांच्या फटीतून चाळीस वर्षे पाहावयाचा राहून गेलेला तारा मिळतो. ज्यास ते समजले नाही, त्याला प्रत्यक्ष प्रकाश दिसला तरी तो छायाचित्राइतका हिरवा नव्हता, अशीच तक्रार करीत तो घरी येतो.

पहाटे दोनच्या सुमारास बस ट्रॉम्सोच्या पुलावरून शहरात शिरते. बहुतेक प्रवासी झोपलेले असतात. वाटाड्या एकेकाचा पोशाख परत घेतो, कोणाचा हातमोजा गाडीत राहिला नाही ना ते पाहतो, आणि निरोप देतो. आज दिसले म्हणून तो मिरवीत नाही, आणि काल दिसले नव्हते म्हणून खजीलही नसतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहा वाजता नवी माणसे येतील, तोच प्रश्न विचारतील, आणि ढगांच्या नकाशावरून नजर उचलून तो पुन्हा तेच उत्तर देईल: जाऊ, पाहू, खात्री मात्र नाही.